पीएलसी शिकायला नेमकं कुठलं सॉफ्टवेअर धरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, चाकणला मेंटेनन्समध्ये ट्रेनी म्हणून लागलात, पीएलसी, म्हणजे प्रोग्रामनुसार मशिन चालवणारा कंट्रोलर, शिकायचाय. क्लासवाला एकाच कोर्सात पाच ब्रँड शिकवतो म्हणतोय. मग सीमेन्सचं टीआयए पोर्टल, रॉकवेलचं स्टुडिओ ५०००, मित्सुबिशीचं जीएक्स वर्क्स, डेल्टा की कोडेसिस?

तुमच्या शॉपमध्ये जास्तीत जास्त मशिनांवर जो पीएलसी बसलाय, त्याचं. परवानगी घेऊन पॅनल उघडा, सीपीयूवरचा मॉडेल नंबर टिपून घ्या. आठ-दहा मशिनं बघितलीत की चित्र स्पष्ट होईल.

पाच ब्रँडचा कोर्स मला पटत नाही. पाचही ठिकाणी तेच मोटर स्टार्ट-स्टॉप, तेच स्टार-डेल्टा, तोच ट्रॅफिक सिग्नल काढायला लावतात. पीएलसीच्या प्रोग्रामिंग भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आलं, तेव्हापासून लॅडर (शिडीसारखी, रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसणारी), फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही मंडळी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच आहेत. कॉन्टॅक्ट, कॉइल, टायमर, काउंटर आणि स्कॅन (प्रोग्राम वरून खाली पुन्हा पुन्हा चालवण्याची फेरी) एकदा डोक्यात बसला की ब्रँड बदलल्यावर काही दिवस बटणं शोधावी लागतात, इतकंच.

आणि मेंटेनन्सवाल्याला प्रोग्राम लिहायची वेळ क्वचितच येते. त्याला दुसऱ्याने लिहिलेला वाचायचा असतो, तोही लाईन बंद असताना, मागे सुपरवायझर उभा असताना. लॅडर निघाली तीही याचसाठी. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जनरल मोटर्सला रिले पॅनलांना पर्याय हवा होता, त्यातून मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला प्रोग्रामही तसाच वाचता यावा म्हणून तो लॅडरच्या रूपात ठेवला गेला. क्लासमध्ये मात्र वाचायला कुणी शिकवत नाही, कारण तिथे वाचण्याजोगा मोठा प्रोग्रामच नसतो.

वाचणं म्हणजे काय ते सांगतो. समजा क्लॅम्पचा सिलिंडर पुढे येत नाही. हवा आहे, व्हॉल्व्ह हाताने दाबला तर सिलिंडर हलतो, म्हणजे आउटपुटच येत नाही. ड्रॉइंगवरून त्याचा अ‍ॅड्रेस काढला, क्यू ४.२. टीआयए पोर्टलमध्ये ऑनलाइन जा आणि क्यू ४.२ चा क्रॉस रेफरन्स काढा. तो बिट कुठे वाचला जातो आणि कुठे लिहिला जातो, दोन्ही तिथे दिसतं. तुम्हाला लिहिण्याची जागा हवी. त्या नेटवर्कवर गेलात आणि चष्म्याचं बटण दाबलंत की जिथवर अट पूर्ण आहे तिथवर हिरवी सलग रेघ, पुढे निळी तुटक. तुटली त्या जागी एक मेमरी बिट आहे, क्लॅम्पचा परमिसिव्ह, म्हणजे क्लॅम्पला चालायची परवानगी देणारा बिट. आता त्याचा क्रॉस रेफरन्स. तो नेतो दुसऱ्याच ब्लॉकमध्ये, तिथे दहा कॉन्टॅक्ट एका ओळीत, सातव्यापाशी हिरवं संपलंय. सातवा म्हणजे पार्ट प्रेझेंटची प्रॉक्सी, पार्ट जागेवर आहे की नाही ते सांगणारा सेन्सर. मशिनपाशी जाऊन बघितलं तर प्रॉक्सीवरचा दिवा लागलाय, पण इनपुट कार्डावरचा नाही. वायर मधेच तुटली आहे, बहुतेक केबल ड्रॅग चेनमध्ये जिथे वाकते तिथे.

या सगळ्यात तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. हे जमलं की पगारवाढीच्या वेळी बोलायला तोंड असतं.

क्रॉस रेफरन्सचा दुसरा उपयोग डबल कॉइल पकडायला. एकाच आउटपुटची कॉइल दोन ठिकाणी वापरली असेल, तर स्कॅनमध्ये जी शेवटी येते ती जिंकते. वरच्या नेटवर्कमध्ये सगळं हिरवं, तरी आउटपुट ढिम्म. घाईघाईत कुणीतरी ‘तात्पुरता’ बायपास टाकलेल्या जुन्या मशिनांत हा प्रकार हमखास सापडतो.

आता बॅकअप. तुमच्याकडे जुने एस७-३०० असतील तर जपून. सीमेन्सने ती मालिका ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, पण कारखान्यांत ती अजून भरपूर आहे. तिच्यात प्रोग्रामची नावं आणि कॉमेंट सीपीयूमध्ये राहत नाहीत. मूळ प्रोजेक्ट हरवला आणि सीपीयूतून अपलोड करून घेतला, तर हाती नुसते अ‍ॅड्रेस लागतात: एम १२.३, डीबी ४५, कशाचं काय ते तुम्हीच शोधायचं. एस७-१२०० आणि १५०० मध्ये नावं-कॉमेंटसकट अपलोड होतो, त्यामुळे जीव जरा निवांत. अर्थात मशिन बनवणाऱ्याने ब्लॉकला पासवर्ड घातला असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. मूळ प्रोजेक्ट आणि पासवर्ड हे मशिन खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं असतं. आयात मशिनांतल्या कॉमेंट पुष्कळदा जर्मन नाहीतर जपानीत असतात, त्याचीही तयारी ठेवा.

व्हर्जन हे दुसरं दुखणं. टीआयएचा प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये घेतला की तो जुन्यात उघडत नाही, आणि मशिनवाल्याकडे जुनंच असेल तर फोनवर नुसती हुज्जत. रॉकवेलमध्ये तर कंट्रोलरच्या फर्मवेअरचा मुख्य नंबर आणि सॉफ्टवेअरचा नंबर जुळावाच लागतो. म्हणून मेंटेनन्सच्या लॅपटॉपवर एकाच सॉफ्टवेअरची चार-चार व्हर्जन दिसली तर कुणी हौशीने भरलीत असं समजू नका.

प्रोग्राम पीएलसीत डाउनलोड करताना घाई नको. टीआयए आधी एक प्रिव्ह्यू दाखवतं, बहुतेक जण तो न वाचता ओके करतात. त्यात ‘स्टॉप ऑल’ आलं तर पीएलसी थांबणार. डेटा ब्लॉक ‘रीइनिशियलाइज’ होणार असं आलं तर ऑपरेटरने महिनोन्‌महिने जुळवून आणलेली सेटिंगं मूळ किमतींवर जातात. तिथेच थांबायचं, त्या ब्लॉकच्या चालू किमतींचा स्नॅपशॉट घ्यायचा, मग पुढे. ट्रेनीने तर सीनियर शेजारी असल्याशिवाय चालू लाईनवर डाउनलोडला हातच लावू नये. फोर्सलाही (एखादा इनपुट-आउटपुट सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने चालू किंवा बंद धरणं) नाही: सेफ्टीचा इंटरलॉक फोर्सने उडवला आणि आत कुणाचा हात असला तर पुढचं सांगायला नको.

घरी सराव करायला फार खर्च नाही. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट आहे, त्यात सिम्युलेटर येतो. कोडेसिसही फुकट मिळतं. त्याचा सॉफ्ट पीएलसी (कॉम्प्युटरवरच चालणारा) लायसन्सशिवाय दोन तास चालतो, मग पुन्हा सुरू करायचा. वागो, श्नायडर, एबीबी अशा बऱ्याच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोडेसिसच आहे, त्यामुळे ते शिकलेलं वाया जात नाही. टीआयएचं ट्रायल लायसन्स २१ दिवसांचं असतं. आधी मॅन्युअलची पीडीएफ वाचून काय करायचं ते ठरवा, मगच सुरू करा.

क्लासच्या पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक मात्र कंपनीच्या लॅपटॉपवर टाकू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस सीमेन्सच्या स्टेप ७ या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची एक डीएलएल फाइल बदलून सॉफ्टवेअर आणि पीएलसी यांच्या मधेच बसला होता. पीएलसीत घुसवलेले ब्लॉक इंजिनियरला स्क्रीनवर दिसतच नसत. लक्ष्य इराणचा अणुकार्यक्रम होता, पण तो पसरला होता पेनड्राइव्हवरूनही.

उद्या कामावर गेलात की सीनियरकडून एखाद्या मशिनच्या प्रोजेक्टची कॉपी मागून घ्या. रोज एक आउटपुट घ्या आणि तो नेमक्या कुठल्या अटींवर चालू होतो ते इनपुटपर्यंत मागे जात कागदावर उतरवा. मग ड्रॉइंगशी ताडून बघा.

आणि प्रोग्रामिंगच्या केबलींना लेबल लावा. मित्सुबिशी एफएक्स, डेल्टा डीव्हीपी आणि रॉकवेलचा मायक्रोलॉजिक्स, तिघांचाही प्रोग्रामिंग पोर्ट गोल, आठ पिनांचा. दिसायला सारखा, पण सिग्नलची पद्धत वेगळी: पहिला आरएस-४२२, बाकीचे दोन आरएस-२३२, आणि पिनांची जोडणी प्रत्येकाची निराळी.