हॉट रॉड: स्वतः बांधावी की बांधून घ्यावी?

प्रश्न: मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत देखभाल विभागात नोकरीला आहे. आजोबांनी उसाच्या शेतीसाठी घेतलेली १९६८ सालची जीप वडणगे येथील आमच्या घरामागे उभी आहे. बॉडीचा पत्रा गंजून गेला असला तरी चॅसिस आणि चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन शाबूत आहे. मडगार्ड काढून, गाडी खाली बसवून आणि मागे रुंद टायर घालून तिची उघड्या इंजिनाची दोन आसनी हॉट रॉड (वेगासाठी फेरबदल केलेली जुनी गाडी) करावी, अशी इच्छा आहे. एका वर्कशॉपने सर्व काम उक्ते घेऊन आठ महिन्यांत गाडी देण्याची तयारी दाखवली आहे. मित्रांचे म्हणणे असे, की पैसे मोजून करून घेतलेली हॉट रॉड ही हॉट रॉडच नव्हे. मला वेल्डिंग येते, पण रविवारखेरीज वेळ नाही. मी काय करावे? रंगाचे काम घरी होईल का?
– एक वाचक, वडणगे, जि. कोल्हापूर

उत्तर: आपल्या मित्रांचा आग्रह ज्यांच्यापासून आला, त्या अमेरिकन तरुणांनी तो स्वतः कधी पाळला नव्हता. फोर्डने १९३२ साली सर्वसामान्यांच्या गाडीत २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन दिले. पुढे कॅलिफोर्नियातील पोरांनी अशा जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन, मडगार्ड आणि टप काढून, त्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवल्या. मात्र त्यांनी जोडलेले मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा-इंधनाचे मिश्रण पोहोचवणारे नळकांडे) व्हिक एडेलब्रॉक यांच्यासारख्या व्यावसायिकाकडून विकत आणलेले असत आणि कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे) एड इस्केंडेरियन यांच्यासारख्या कारागिराने घासून दिलेले असत. गाडी आपली म्हणवून घेण्यासाठी प्रत्येक काप आपल्याच हातचा असावा लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

हात कोणाचा लागावा याआधी गाडी कोठे चालवणार, हे ठरवावे लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे. कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते; आपली जीप वयाने त्यात बसते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की हा मार्ग बंद होतो. तरीही हॉट रॉडच हवी असेल, तर ती आपल्या शेताच्या वाटेवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर चालवायची गाडी आहे असे मानूनच चॅसिसला हात लावावा. उक्ते काम घेणाऱ्याने हे आपल्याला सांगितले नसेल, तर त्याच्याविषयी तेवढ्यावरूनच काही कळते.

आता वेळेचे पाहू. दर रविवारी चार तास धरले तर वर्षाला जेमतेम २०० तास हाती लागतात, आणि अशा गाडीला हजार तास हा माझा अंदाज कमीच ठरेल. म्हणजे पाच वर्षे. पाच वर्षे ऐकून कोणीही वर्कशॉपच्या आठ महिन्यांकडे वळेल, म्हणून माझा अनुभव सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही एक जीप अशीच उक्ती दिली होती. गळीत हंगाम सुरू झाला आणि रोज ट्रॅक्टर-ट्रॉल्या वर्कशॉपच्या दारात येऊ लागल्या. त्या रोखीच्या कामापुढे माझी हौस मागे पडली, यात नवल नाही. मी जाई तेव्हा ताडपत्रीखालच्या बॉनेटवर कामगारांचे डबे ओळीने मांडलेले असत. चौदा महिन्यांनी गाडी मिळाली ती चालताना एका अंगाला सरकत होती, कारण चॅसिसचे दोन कर्ण ११ मिलिमीटरने वेगळे भरत होते. वर्कशॉपचा दोष होताच, पण मीही त्यांना कोणते माप किती मिलिमीटरच्या आत हवे, हे कागदावर लिहून दिले नव्हते. ‘चांगले करा’ एवढेच सांगितले होते.

म्हणूनच चॅसिसचे मोजमाप आणि त्यावरील साधे वेल्डिंग आपण स्वतः करावे, असे माझे मत आहे. चॅसिस चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) समपातळीत ठेवून पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) हँगरच्या बोल्टांपासून ओळंबे सोडावेत, फरशीवर प्रत्येक टोकाखाली खडूने फुली मारावी, चॅसिस बाजूला सरकवावे आणि मग फुल्यांमधले दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. फरक तीन मिलिमीटरच्या आत असल्यास काम पुढे न्यावे. जास्त असल्यास पुढचा आणि मागचा अर्धा भाग वेगवेगळा मोजून वाक नेमका कोठे आहे ते शोधावे. वेल्डिंग थंड होताना आकसते आणि लोखंडाला आपल्याकडे ओढते, त्यामुळे एका बाजूला सलग शिवण न मारता समोरासमोर आलटून-पालटून इंच-इंचाचे टाके मारावेत आणि दर खेपेला कर्ण पुन्हा मोजावेत. आकुंचन म्हणजे काय हे फाउंड्रीतल्या माणसाला मी सांगावे असे नाही. बिडाच्या ओतकामासाठी पॅटर्न (साच्याचा नमुना) मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा का करतात, हे आपण रोज पाहता. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नये; ताण तेथेच सर्वाधिक असतो, म्हणून भोक लागलेच तर ते उभ्या भागाच्या मध्यावर घ्यावे.

इंजिनाचे बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात द्यावे, त्यासाठी लागणारी यंत्रे घरी असत नाहीत. मात्र सुटा भाग घेऊन जावे, माप लिहून द्यावे, परत घेताना मायक्रोमीटर लावून पाहावे आणि पैसे त्या भागाचेच चुकते करावेत. उक्ते ठरवू नये. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्याला मात्र आपणही वेल्डिंग करू नये, की तो तापवून वाकवू नये. गाडी खाली बसवली की ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून वळू पाहते. हा कोन जुळवणे अशा गाड्यांचे पुढचे अॅक्सल बसवलेल्या जाणत्या मिस्त्रीचे काम आहे, आणि तेथे मोजलेला पैसा मला कधीच जास्त वाटला नाही. ब्रेकही त्याच्याचकडून तपासून घ्यावेत. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा असतो, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. तो दोन मार्गांचा बसवून घ्यावा.

रंग घरी करू नये. अंगणात धूळ असते आणि फवाऱ्यातला रंग श्वासात जाणे घातक असते. मात्र लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर घासण्याचे काम आपण करू शकता. त्यात कौशल्यापेक्षा चिकाटी लागते आणि डेंटर-पेंटरच्या मजुरीचा बराच भाग त्यातच जातो.

आपल्या वर्कशॉपला इतक्यात होकार कळवू नये. पुढचे तीन-चार रविवार बॉडी उतरवून, चॅसिस तारेच्या ब्रशने घासून घ्यावे, चॅसिस क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावा आणि ओळंबे सोडावेत. दोन्ही कर्णांची मापे कळवल्यास, चॅसिस कापण्याजोगे आहे की आधी सरळ करून घ्यावे लागेल, याचे उत्तर पुढील अंकात देता येईल.