जन्मतः वजन कमी होतं, म्हणून मुलाला आता गुटगुटीत करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जन्मला तेव्हा २.३ किलोचा होता. आता अडीच वर्षांचा आहे, वजन ११.२ किलो, उंची ८८ सेंमी. दिवसभर पळतो, आजारी फारसा पडत नाही, पण घरचे म्हणतात हाडकुळा आहे, अंग धरत नाही. भरवून वजन वाढवावं का?

नको. त्याची उंची वाढू दे, स्नायू भरू देत. नुसतं वजन वाढवायच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या कमी वजनाच्या बाळांना तर हे जास्तच लागू पडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण हे कमी वजन सगळीकडे सारखं कमी नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण चरबीचा वाटा जास्त. अशा शरीरावर पुढे भराभर वजन चढलं की त्यात चरबीच जास्त साठते.

दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासातही हेच दिसलं. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, लवकर चढू लागून चढतच राहिला. बारा वर्षांचे असताना ते लठ्ठ म्हणावेत असे नव्हते. त्यामुळे एका दिवसाचा काट्यावरचा आकडा पाहू नका, चढण्याचा वेग पाहा.

बीएमआय घरी काढता येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. तुमच्या मुलाचा बीएमआय येतो साधारण १४.५, वयाच्या मानाने सामान्य पट्ट्यातच. पहिल्या वर्षानंतर हा आकडा हळूहळू उतरतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि मग चढतो. सहा महिन्यांत १ किलो आणि ४ सेंमी वाढ झाली तर आकडा १४.४ राहील, उत्तम. पण २ किलो आणि ३ सेंमी वाढ झाली तर तो जवळजवळ १६ होईल. घरात सगळे खूश होतील, पण उतरायच्या वयात आकडा चढलेला असेल.

उंची मोजताना चूक हमखास होते. चप्पल काढा, टाचा, कुल्ले आणि डोकं भिंतीला लावा, नजर समोर, डोक्यावर पुस्तक सपाट ठेवून खूण करा. दोन वर्षांच्या आत झोपवून लांबी मोजतात, ती उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरते. हे माहीत नसलं की उंची खुंटली असं वाटतं.

खाण्यात सगळ्यात मोठी गडबड म्हणजे वरणाचं पाणी. डाळ खाली राहते आणि मुलाचं पोट पाण्याने भरतं. घट्ट वरण, मऊ भात, वर चमचाभर तूप द्या. रोज अंडं किंवा कुस्करलेली उसळ, दह्यात शेंगदाण्याचा कूट. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, नाहीतर जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडतं. चहात बुडवलेलं बिस्किट आणि दुधात घालायच्या गोड पावडरी बंद करा, त्यांत साखरच जास्त. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. ताट अर्ध्या तासात उचला, राहिलं तर राहू दे. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू दे. त्याने मान फिरवली की घास थांबवा. मोबाइल दाखवून भरवलं की पोट भरल्याचं त्याचं त्यालाच कळेनासं होतं, आणि ही सवय मोडायला फार जड जाते.

या वयात दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी. तीन वर्षांनंतर त्यातला एक तास धाप लागेल अशी. बाबागाडी सोडा, जिना चढू दे, पिशवीतला बटाटा-कांदा त्याला उचलून आणू दे. स्क्रीन फार तर तासभर, झोप ११ ते १४ तास.

खेळात तुम्हीही बसा. १९८०च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जाऊन आईला खेळायला, बोलायला शिकवत. खेळणी घरगुती वस्तूंचीच. काही मुलांना फक्त पूरक दूध मिळालं. २२व्या वर्षी पाहिलं तर खेळाच्या गटातल्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती आणि नैराश्याची लक्षणं कमी. नुसत्या दुधाचा असा परिणाम टिकला नाही. तेव्हा डब्यांची झाकणं लावायला त्याच्याबरोबर बसलात, तर तेही पोषणच धरा.

तीन महिने वजन अजिबात वाढलं नाही, वाढीच्या तक्त्यावरची रेघ खाली घसरत गेली किंवा पायांवर सूज आली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत दंडघेर मोजून घ्या: १२.५ सेंमीच्या खाली आला तर उपचार हवेत, ११.५च्या खाली असेल तर त्याच दिवशी.