रुग्णसेवेतील भावनिक ताण सोसायला कोण शिकवते?

शिक्षकाने समाज घडवावा अशी अपेक्षा सगळीकडेच असते; मग रुग्णालयात रोज दुःख आणि मृत्यू पाहणाऱ्यांना ते सोसायला कोण शिकवते, असे आपण विचारले आहे. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते आणि त्यांच्याबरोबर वॉर्डातही असते. माझ्या मते तेही शिक्षकच शिकवतो, मात्र आपण काय शिकवत आहोत याची जाणीव त्याला बहुतेक वेळा नसते.

शाळेतील मूल धड्यांबरोबरच वाट पाहणे, गप्प राहणे आणि अधिकारापुढे कसे वागावे हेही शिकत असते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हटले. रुग्णालयात हा अभ्यासक्रम फार प्रभावी असतो. विद्यार्थिनीने पहिल्यांदाच एखाद्या रुग्णाचा मृत्यू पाहिलेला असतो. ज्यांना ती कालपर्यंत औषध देत होती, त्यांचेच अंग पुसून, नळ्या काढून, हातापायांवर ओळखपट्टी बांधायची असते. तासाभरात त्या पलंगावर धुतलेली चादर पडते आणि नवा रुग्ण येतो. त्या वेळी ट्यूटर, म्हणजे तिची नर्सिंगची शिक्षिका, फक्त ‘चार्ट पूर्ण केलास का?’ एवढेच विचारून पुढे गेली, तर इथे रडू येणे हा कामातला दोष आहे, हे ती मुलगी कोणी न सांगता शिकते.

मनोविश्लेषक इझाबेल मेंझिस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला लंडनमधील एका रुग्णालयाचा अभ्यास मला आजही महत्त्वाचा वाटतो. तेथे परिचारिकांची कामे अशी वाटून दिलेली होती की कोणा एकीचा एका रुग्णाशी फार काळ संबंध येऊ नये. रुग्णाचा उल्लेखही नावाऐवजी पलंगाच्या क्रमांकाने किंवा आजाराने होत असे. ही व्यवस्था चिंतेपासून बचाव म्हणून रुजली होती, पण तिच्यामुळे चिंता कमी झाली नाही. उलट माणसाची सेवा केल्याचे समाधान तेवढे हिरावले गेले आणि अनेक विद्यार्थिनी शिक्षण अर्ध्यावर सोडत राहिल्या. ‘सात नंबरचे सलाईन संपले’ हे वाक्य आजही किती सहज कानावर पडते, याचे मला वाईट वाटते.

तथापि, सगळा ताण मृत्यूमुळेच येतो असे समजू नये. योग्य काय ते कळत असूनही मनुष्यबळ, वेळ किंवा वरिष्ठांचा निर्णय यांमुळे ते करता न येणे अधिक पोखरते. अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात याला नैतिक क्लेश म्हटले. वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णाजवळ थांबायला हवे हे परिचारिकेला समजते, पण तिकडे दुसरी घंटा वाजत असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामामुळे पार गळून जाण्याची, नोंद आजार म्हणून न करता, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. त्यामुळे एकीला दोघींचे काम देऊन वर ध्यानधारणेचे शिबिर घेणे मला अन्यायाचे वाटते.

शिक्षकाने मनुष्यबळ कुठून आणायचे, असे आपण म्हणाल, आणि ते खरेच त्याच्या हाती नाही. परंतु मृत्यूनंतर ड्यूटी संपण्यापूर्वी विद्यार्थिनीला बाजूला बसवून ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारणे, तिला सल्ला न देता ऐकणे, आणि मलाही त्या रुग्णाची आठवण येते हे तिच्यासमोर मोकळेपणाने सांगणे, एवढे निश्चित करता येते. मी ते करते. कौशल्याच्या तासाप्रमाणे या वेळेचीही वेळापत्रकात नोंद असावी, अशी माझी मागणी आहे, कारण आज ती ट्यूटरच्या स्वभावावर अवलंबून आहे. शिवाय दिवसभर इतरांचे ऐकणाऱ्या त्या ट्यूटरचे ऐकायला कोणाची नेमणूक आहे, हे बहुतेक संस्थांना सांगता येणार नाही.