ओळीखालची पट्टी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला राहते, वय 34. शालेय विज्ञानाच्या मजकुराचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचं काम घरून करते. लग्नाआधी सकाळी कामाला बसले की आईने जेवायला हाक मारली तरच भानावर यायची. आता मुलगी अडीच वर्षांची आहे. ती दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा, पण दहा मिनिटं झाली की मी उठते. एखादा शब्द शोधायला फोन घेते आणि अर्धा तास कुठे जातो ते कळत नाही. 25 मिनिटांचा गजर लावून पाहिला, तर मन लागायला लागतं तोच तो वाजतो. गाणी लावून पाहिली. नवरा म्हणतो, तुझं लक्षच नसतं. माझी एकाग्रता खरंच गेली का? ती तंद्री परत कशी आणू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची एकाग्रता कुठेही गेलेली नाही. अडीच वर्षांचं मूल आत झोपलेलं असताना आईचा एक कान त्या खोलीकडे असतोच. तो तसाच असू दे. तो बंद करून कामात बुडायची सक्ती स्वतःवर करू नका. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-दोन तास, तो कान दुसऱ्या कोणाच्या तरी स्वाधीन करा. ज्यांना तुमचं लक्ष नाही असं वाटतं, त्यांनीच शनिवार-रविवारची सकाळ सांभाळावी. आणि मुलीला घेऊन बाहेर जावं, बागेत, आजीकडे, कुठेही. घरातच राहिले तर ती तुमच्या दारावर थापा मारणारच. हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण हा वेळ मिळाला नाही तर पुढच्या युक्त्यांचा फारसा उपयोग नाही.

आता तंद्रीविषयी. या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ सुस्ती, गुंगी असा आहे. मराठीने त्याला कामात हरवून जाण्याचा अर्थही दिला, आणि मला तोच प्रिय आहे, कारण माझी सगळी नोकरी त्या अवस्थेच्या आधाराने झाली. 1983 साली मी पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले. खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली छपाई होती. खाली ट्रेडल मशीनचा खडखडाट, खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या हाका. शांतता म्हणून नव्हतीच. तरी तंद्री लागायची. आम्ही जोडीने काम करायचो. मी हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक, ज्यांना सगळे काका म्हणत, समोर गॅलीवर, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापील कागदावर, नजर ठेवून बसायचे. वाचायचं ते विरामचिन्हांसकट : ‘अवतरण, नको, उद्गार, अवतरण पुरे, ती म्हणाली, पूर्ण.’ अर्ध्या तासाने माझा आवाज आणि त्यांची पेन्सिल एकाच लयीत चालायला लागायची. चहा येऊन गार झालेला असायचा.

पहिल्याच दिवशी काकांनी मला एक लाकडी पट्टी दिली होती. ओळीखाली धरायची, ओळ झाली की खाली सरकवायची. मला ते लागलं. मी एम.ए. झालेली, मला पहिलीतल्या मुलीसारखं वाचायला लावतात! दोन-तीन महिन्यांनी तिचं मोल कळलं. पट्टी असली की समोर एकच ओळ उरते. पुढचं पान किती भरलंय, आज किती गॅल्या बाकी आहेत, हे दिसत नाही, म्हणून डोळा धावत सुटत नाही. या ओळीतली वेलांटी पहिली की दुसरी, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर तिथल्या तिथे.

हे मला अनुभवाने कळलं. मिहाय चिक्सेंटमिहाय (1934–2021) या मूळच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. 1960च्या दशकात शिकागोला चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना पाहताना त्याच्या लक्षात आलं, की चित्र रंगात आलं की मुलं तहानभूक विसरतात, आणि चित्र पुरं झालं की त्याच्याकडे फारसं बघतही नाहीत. पुढे त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा कितीतरी जणांना बोलतं केलं. सगळ्यांच्या सांगण्यात त्याच गोष्टी येत होत्या. आत्ता, या क्षणी काय करायचं ते स्वच्छ दिसतं. जमलं की चुकलं ते लगेच कळतं. आणि काम आपल्या कुवतीला जरासं ताणणारं असतं : फार सोपं असलं तर कंटाळा येतो, फार अवघड असलं तर धास्ती वाटते. वाचलं तेव्हा मला काकांची पट्टी आठवली.

आता तुमच्या फोनविषयी, आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगायला हवी. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आमचा दिवाळी अंकांचा हंगाम. एका वर्षी अशाच गर्दीत एक कथा माझ्याकडे आली, आणि ती इतकी सुंदर होती की मी पट्टी बाजूला ठेवून वाचत गेले. संपली तेव्हा डोळे भरून आले होते. अंक छापून आल्यावर कळलं, चार पानं सुमन असलेली नायिका पाचव्या पानापासून सुमती झाली आहे. लेखिका छापखान्यात आल्या, अंक उघडून त्या पानावर बोट ठेवलं आणि काही न बोलता गेल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्या दिवशी मला तंद्री लागली नव्हती असं नाही. उत्तम लागली होती, पण कथेत. अक्षरांत नव्हती.

तुम्ही एक शब्द शोधायला फोन घेता आणि अर्धा तास जातो, तेव्हा तुमचंही तेच होतं. वेळेचं भान जातंच आहे. ते कामाच्या जागी न जाता फोनमध्ये जातं आहे. म्हणून फोनला वाटच ठेवू नका. भाषांतराला बसायच्या आदल्या रात्री, मुलगी शेजारी खेळत असली तरी चालेल, दुसऱ्या दिवशीच्या दोन-तीन पानांतले अवघड शब्द काढून त्यांची यादी करा आणि तेव्हाच शोधून ठेवा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश तुम्ही वापरत असालच. हे काम तुटक-तुटक झालं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी फोन स्वयंपाकघरात, यादी टेबलावर. तरीही एखादा शब्द अडला तर तिथे गोल काढा आणि पुढे जा. आम्हीसुद्धा शंका आली की समासात प्रश्नचिन्ह करायचो, कोश उघडायचो तो गॅली संपल्यावर. शंका तिथल्या तिथे सोडवायला गेलं की ओळ हातची जाते.

आणि प्रत्येक वाक्य झालं की ते मोठ्याने वाचा. विज्ञानाचं मराठी वाक्य अवघडलेलं असलं तर जीभ अडखळते. जमलं की नाही हे सांगायला तुमच्याजवळ दुसरं कोणी नाही, संपादकाचा शेरा पंधरा दिवसांनी येणार. जीभ लगेच सांगते. गाण्यांचं म्हणाल, तर शब्दांचं काम करताना कानात दुसरे शब्द मी कधीच येऊ देणार नाही. मशीनचा खडखडाट मला चालायचा, शेजारच्या दुकानातला रेडिओ चालायचा नाही.

25 मिनिटांचा गजर सोडून द्या. 1980च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला गजर वापरून ती रीत स्वतःच्या अभ्यासासाठी बसवली. ज्याला बसवतच नाही त्याला ती उपयोगी आहे. तुमची अडचण ती नाही. बसल्यावर रंगायला तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि गजर नेमका तेव्हाच उठवतो.

मुलगी मात्र मध्येच उठेल, त्याला इलाज नाही. तेव्हा धावत जाण्याआधी अर्ध्या मिनिटात दोन गोष्टी करा. शेवटच्या शब्दावर पेन्सिलची खूण, आणि समासात पुढची पायरी : ‘पुढचं वाक्य कर्मणी करून पाहायचं’, असं काही. काकांच्या गॅल्यांवर अशा खुणा असायच्या. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं, की अर्धवट टाकलेलं काम मनाला धरून राहतं आणि त्यामुळे हातातल्या दुसऱ्या कामावर परिणाम होतो. पुढे तिला असंही दिसलं, की परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते उठतानाच लिहून ठेवलं तर हे ओझं हलकं होतं. तुम्हाला याचा दुहेरी उपयोग आहे : मुलीजवळ असताना तुम्ही मुलीजवळच असाल, आणि परत आल्यावर सुरुवात शोधावी लागणार नाही.

महिनाभर करून पाहा आणि मला लिहा. आणि कुठल्या तरी दुकानातून एक लाकडी पट्टी आणा. स्क्रीनवर काम करत असाल तर मूळ मजकूर छापून घ्या आणि पट्टी त्याच्यावर ठेवा.

प्रश्न : मी 67 वर्षांचा, कोल्हापूरचा. निवृत्तीनंतर जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करण्याचा नाद लागला. बसलो की चार-चार तास उठत नाही. मधुमेह आहे. दोनदा जेवण राहिलं, एकदा घाम फुटून हात थरथरायला लागले. पत्नी रागावते, म्हणते नाद सोडा. माझ्या मते हा नादच मला बरा ठेवतो. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाद सोडू नका, पण वहिनींचा राग योग्य आहे. मधुमेहाची काही औषधं घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर घसरते, आणि घाम, थरथर ही त्याचीच लक्षणं असू शकतात. काय झालं ते तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात जाऊन सांगा. शिकागोची ती मुलं भूक विसरायची ती विशी-बाविशीत होती, साखरेची औषधं घेऊन ती चित्रं काढत नव्हती.

नाशिकच्या वाचकांना मी गजर सोडायला सांगितला, तुम्हाला लावायला सांगते. जेवणाच्या वेळेचा एक, रात्रीच्या गोळीच्या वेळेचा एक. कामाच्या टेबलावर ठेवू नका, हात लांबवून बंद कराल. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा, जेवणाच्या ताटाशेजारी.