वाचकांचे प्रश्न : जहाज कोचीला थांबते, त्या शनिवारी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नुकतेच निवृत्त झालो आहोत. येत्या जानेवारीत क्रूझने जाण्याचे ठरले असून, आमचे जहाज गुरुवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून निघते, शनिवारी सकाळी आठला कोचीला लागते आणि संध्याकाळी सहाला पुढे जाते. यजमानांना अलेप्पीच्या हाउसबोटीची हौस आहे, मला जुनी कोची पाहायची आहे आणि माझे गुडघे फार चालू देत नाहीत. एका दिवसात दोन्ही जमेल का? जहाजाकडून मिळणारी सहल घ्यावी, की आपले आपण फिरावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : दोन्ही जमणार नाही, आणि जमवायचा प्रयत्नही करू नये, असे आम्ही स्पष्टच सांगू. अलेप्पी, म्हणजे आलप्पुळा, कोचीहून रस्त्याने पन्नासेक किलोमीटर दूर आहे; महामार्गावरची वाहतूक पाहता जाण्यायेण्यात तीन-चार तास सहज मोडतात आणि हाउसबोटीवर जेमतेम जेवणापुरता वेळ उरतो. हाउसबोटीची खरी मौज तिथे रात्र काढण्यात आहे. त्यासाठी कधीतरी रेल्वेने वेगळे जावे. पाण्यावर फिरण्याची यजमानांची इच्छा मात्र कोचीतच भागवता येईल.

प्रवासी जहाजे लागतात ते विलिंग्डन बेट मानवनिर्मित आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध कापला गेला, आणि खाडी खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावावर हे बेट उभे राहिले. भराव घालून जमीन करण्याचे आपल्या मुंबईकरांना काय कौतुक, पण जहाजाच्या कठड्यावरून ते जरूर पाहावे. मुळात हे बंदरच निसर्गाच्या उलथापालथीतून घडले, असे मानले जाते : १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, त्यात मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख मोठे झाले.

आता शनिवारचा विचार. जुन्या कोचीतल्या मट्टनचेरीचे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ १५६८ मधले आहे. त्याची जमीन हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांची असून ती पाहण्यासाठी लोक लांबून येतात. परंतु शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, असल्याने त्या दिवशी ते पर्यटकांना बंद असते. सहलीच्या माहितीपत्रकात सिनेगॉगचे छायाचित्र छापलेले असले, तरी आपल्याला बाहेरून घड्याळाचा मनोराच दिसेल, हे आधीच जाणून असावे. (कोचीचे ज्यू आणि आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, यांचे जुने नाते आहे. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले आणि पुढे इथल्या समाजाला धर्मविधी शिकवायला कोचीहून जाणकार मंडळी येत असत.) उलट, शुक्रवारी बंद असणारा मट्टनचेरीचा राजवाडा आपल्याला उघडा मिळेल. त्याला डच राजवाडा म्हणतात, पण सोळाव्या शतकाच्या मध्यास तो बांधला पोर्तुगिजांनी, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी १६६३ नंतर त्याची डागडुजी केली एवढेच. आतील रामायणाची भित्तिचित्रे सावकाश पाहण्यासारखी आहेत. एका दिवसात एकच वास्तू नीट पाहायची असेल, तर ती हीच. दालने वरच्या मजल्यावर असल्याने जिना चढावा लागतो, म्हणून गुडघे ताजे असताना सकाळी प्रथम इथेच यावे. बेटावरून रिक्षाने पूल ओलांडून इथे येता येते.

जवळच तिरुमल देवस्वम हे गौड सारस्वतांचे वेंकटेशाचे मंदिर आहे. पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली ही मंडळी इथे स्थिरावली आणि आजही घरात कोकणी बोलतात. केरळमधील मंदिरे दुपारी बंद होतात, तेव्हा दर्शन घ्यायचे असल्यास राजवाड्यापाठोपाठ घ्यावे.

तिथून रिक्षाने फोर्ट कोचीला जावे. हा भाग सपाट आहे, रस्त्यांवर सावली आहे आणि पाहण्याची ठिकाणे जवळजवळ आहेत. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला पुरले होते; तो २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेण्यात आले. ही वास्तू पोर्तुगीज कॅथलिकांकडून डच प्रोटेस्टंटांकडे, मग इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाकडे आणि शेवटी चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आली. दोरीने ओढायचे जुने पंखे आत अजून टांगलेले आहेत. किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी कुब्लाई खानाच्या काळापासूनची असल्याचे सांगितले जाते. ती पोर्तुगिजांनी मकावहून आणली, असाही एक मतप्रवाह आहे. कोणी जाळे ओढायला बोलावलेच, तर नंतर पैसे मागितले जातात, याची कल्पना असू द्यावी.

जेवण उरकल्यावर यजमानांसाठी वॉटर मेट्रो. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या बोटी विजेवर चालतात, आतून वातानुकूलित आहेत आणि धक्का तरंगता असल्यामुळे चढ-उतार करताना गुडघ्यांना त्रास होत नाही. फोर्ट कोचीहून हायकोर्ट धक्क्यापर्यंत जाऊन त्याच मार्गाने परत यावे. बंदर, बेटे आणि मोठी जहाजे पाण्यावरून दिसतात. भाऊच्या धक्क्याच्या लाँचची सवय असलेल्यांना ही बोट फारच गुळगुळीत वाटेल. सुट्टीच्या दिवशी रांग लांबते, म्हणून तीननंतर हा बेत करू नये.

राहिला सहलीचा प्रश्न. जहाजाच्या सहलीला उशीर झाला, तर साधारणपणे जहाज थांबते. आपले आपण गेलात, तर थांबत नाही, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. तरीही इतक्या लहान परिघासाठी स्वतः फिरणेच आम्हाला अधिक योग्य वाटते, कारण गटाबरोबर गुडघ्यांच्या सोयीने थांबता येत नाही. जहाजाचे कार्ड आणि मूळ ओळखपत्र दोघांनीही आपापल्या जवळ ठेवावे. सुटण्याची वेळ सहाची असली, तरी प्रवाशांनी परतण्याची वेळ त्याच्या बरीच आधी असते. ती उतरतानाच विचारून घ्यावी आणि तिच्या तासभर आधी रिक्षात बसावे.