वाचक विचारतात : देवासनंतरचे कुमार गंधर्व

प्रश्न (खानापूर) : आमच्या मंडळाच्या संगीत सभेच्या पत्रिकेत ‘पद्मविभूषण पं. कुमार गंधर्व स्मृती सभा’ असं छापायचं ठरलंय. काही जण म्हणतात, पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं. खरं काय?

उत्तर : मरणोत्तर नाही. १९७७ साली पद्मभूषण, १९८८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप, १९९० साली पद्मविभूषण. मध्य प्रदेशातल्या देवासला त्यांचं निधन झालं ते १२ जानेवारी १९९२ रोजी. फेलोशिपला ‘अकादमी पुरस्कार’ म्हणू नका. पुरस्कार वेगळा, फेलोशिपचा मान त्याहून वरचा.

चूक आहे ती पत्रिकेत. पद्म सन्मान हा किताब नाही, तो नावाच्या मागेपुढे लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात हे स्पष्ट केलंय, तरी आपल्याकडच्या निम्म्या पत्रिका तशाच छापल्या जातात. आतल्या परिचयात ‘१९९० साली पद्मविभूषण’ एवढी ओळ पुरे. ‘कुमार गंधर्व’ मात्र बिनधास्त छापा. ते नाव सरकारनं नव्हे, लहानपणी स्वामींनी दिलेलं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हे मूळ नाव छापलंत तर सुळेभावीबाहेर, म्हणजे त्यांच्या जन्मगावाबाहेर, किती जण ओळखतील?

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : एक फुफ्फुस निकामी होतं म्हणून ते तुटक गायचे, हे खरं का? माझी मुलगी तसं गाऊन बघते, पण तिला धाप लागते.

उत्तर : फुफ्फुसाचं खरं. क्षयामुळे जानेवारी १९४८ मध्ये ते माळव्याच्या कोरड्या हवेत, देवासला राहायला गेले. गाणं काही वर्षं पूर्ण बंद होतं. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवंच होतं. त्यानं जीव वाचला, पण एक फुफ्फुस कायमचं गेलं. मैफल पुन्हा सुरू झाली ती १९५३ मध्ये. ‘म्हणून तुटक’ हे मात्र अर्धंच खरं.

आवाज कंठात तयार होतो, फुफ्फुस फक्त हवा पुरवतं. हवा कमी पडली तर ओळ आखूड होते, सूर पातळ व्हायचं कारण नाही. हिशेब करून बघा. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मात्रेला (तालाच्या एका ठोक्याला) ४ सेकंद धरले, तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, ४८ सेकंदांचं होतं. मध्यलयीच्या तीनतालात मिनिटाला १६० मात्रा धरल्या, तर १६ मात्रांचं आवर्तन ६ सेकंदांत संपतं, म्हणजे एका दमात मावतं. कुमारांच्या मैफलीत मध्यलयीच्या बंदिशीला जो मान होता, त्यात श्वासाची ही सोयही होती. पण दोन ओळींमधली शांतता ही केवळ सोय नव्हे. तिथे तानपुरा ऐकू येतो, आणि पुढचा सूर त्यातूनच उगवतो.

मुलीला धाप लागते, कारण ती ओळ तोडते पण तिथे श्वास घेत नाही. मग पुढे खांदे उचलून घाईनं हवा ओढते. बंदिश कागदावर लिहा. शब्द जिथे पूर्ण होतो तिथे पेन्सिलीनं टिंब द्या, शब्दाच्या मध्ये कधीच नको. लय मिनिटाला ८० मात्रा ठेवा, म्हणजे तीनतालाचं आवर्तन १२ सेकंदांचं. एक श्वास नवव्या मात्रेच्या, म्हणजे खालीच्या, आसपासच्या टिंबावर. दुसरा श्वास मुखडा, म्हणजे बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवात, उचलायच्या आधी. श्वास घेताना खांदे हलता कामा नयेत, पोट हललं पाहिजे. आठवडाभर हे जमलं की लय दहा-दहा मात्रांनी वाढवा. तुटकपणा उसना घेतला की गाणं उचकी लागल्यासारखं होतं. तो सध्या बाजूला ठेवा.

प्रश्न (निपाणी) : ‘ऋणानुबंधाच्या’ आणि ‘अजुनी रुसून आहे’ ही गाणी त्यांनीच लिहिली का?

उत्तर : नाही. पहिल्याचे शब्द बाळ कोल्हटकरांचे, चाल वसंत देसाईंची, सोबतचा आवाज वाणी जयराम यांचा. दुसऱ्याचे शब्द कवी अनिलांचे. चाल मात्र कुमारांचीच. शब्दही त्यांचे आणि चालही त्यांची असं हवं असेल तर बंदिशींकडे वळा. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग १९६५ चा आहे. आजारपणात खाटेवर पडून कानावर आलेल्या माळव्यातल्या लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग उभे केले : मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा. गांधीजींच्या जन्मशताब्दीला गांधी मल्हार केला. जन्माची भाषा कन्नड, नाट्यपदं मराठी, बंदिशींचं वळण माळवी-ब्रज. ‘मग ते नक्की कुणाचे’ या वादाला या पानावर जागा नाही, पुढचा प्रश्न घेऊ.

प्रश्न (येळ्ळूर) : त्यांच्या ध्वनिमुद्रणात तानपुरे नुसते झुलत असतात. आमचा मिरजेचा तानपुरा पावसाळ्यात बसका बोलतो. काय करावं?

उत्तर : आधी तारा बघा. काळे डाग दिसले की बदला, गंजलेली तार कितीही लावली तरी बोलत नाही. कार्यक्रमाच्या तासभर आधी तानपुरा सभागृहात नेऊन खोळीतून काढून ठेवा, म्हणजे लाकूड आणि भोपळा तिथल्या हवेला सरावतात. थेट पंख्याखाली नको, ओल्या भिंतीला टेकवून तर नकोच.

लावताना मधली जोड (षड्जाच्या दोन तारा) आधी, मग खर्ज (खालच्या षड्जाची तार), शेवटी पहिली तार. ती एरवी पंचमात, पण मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला मध्यमात. खुंटीनं सूर जवळ आणायचा आणि उरलेला केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्यानं काढायचा. खुंटीनंच सगळं करू पाहणारे तारा तोडतात. मग घोडीवरचं (तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावरचं) सूत एकेका तारेखाली किंचित मागेपुढे सरकवा. एका जागी तार एकदम उघडते, तिथे थांबा. सूत मळलं असेल तर नवं घाला. एवढ्यानंही नाही उघडली तर जवारी, म्हणजे घोडीचा घासून तयार केलेला माथा, झिजली आहे. ते काम कारागिराचं, घरी घोडीला कानस लावू नका. खुंटी सरकत असेल तर खडूची पूड लावा, तेल चुकूनही नको.