धुक्यात गाडीचे सेन्सर बंद पडतात, म्हणजे नवी एसयूव्ही सदोष आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून ग्वाल्हेरला बदली झाली, येताना एडास (कॅमेरा आणि रडारच्या जोरावर चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा) असलेली नवी एसयूव्ही घेऊन आलात, आणि डिसेंबर लागल्यापासून सकाळी मुरैनाकडे निघालं की पडद्यावर कधी कॅमेऱ्याचा तर कधी रडारचा इशारा येतो, क्रूझ (वेग आपोआप राखणारी सोय) आपोआप सुटतं, टायरच्या हवेचा दिवा लागतो आणि मागे काहीही नसताना पार्किंगचा बीप वाजतो. गाडीत दोष आहे का, आणि धुक्यात या यंत्रणेवर किती विसंबायचं?

मी इथल्याच, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला, आणि वर्कशॉपमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिकलचं आणि स्कॅनिंगचं काम बघतो. हिवाळ्यात नेमक्या याच तक्रारी घेऊन लोक येतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर बहुतेक वेळा एकही पक्का फॉल्ट निघत नाही, कारण ऊन पडल्यावर सगळं आपोआप पूर्ववत झालेलं असतं. तुमची गाडीही बहुधा ठणठणीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट सांगतो: दाट धुक्यात क्रूझ आणि लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय) वापरूच नका. धडक टाळायला आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक चालू राहू द्या, पण तो लागेलच असं धरून गाडी चालवू नका.

पुण्याकडे घाटात धुकं लागतं आणि वळण संपलं की मागे पडतं. इथलं धुकं वेगळं. पाऊस होऊन गेला, आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि जमिनीलगतच्या हवेतलं बाष्प तिथल्या तिथेच धुकं होऊन बसतं. पारा 5 अंशांच्या आसपास असतो. आग्र्याच्या रस्त्याला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44 वर, नूराबादजवळ सांक नदी आणि मुरैनाच्या पुढे चंबळ. थंड हवा जड असते, ती अशा खोलगट भागात उतरून साठते. त्यामुळे नूराबादच्या अलीकडे बामोरपर्यंत बरं दिसत असलं तरी पुढे अचानक काही दिसेनासं होऊ शकतं. हवामान खात्याच्या हिशेबात दृश्यता 200 मीटरच्या खाली गेली की दाट धुकं आणि 50 मीटरच्या खाली गेली की अतिदाट. जानेवारीत आमच्याकडे दोन्ही बघायला मिळतात.

आता गाडीला काय दिसतं ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक एडास गाड्यांत पुढे दोन मुख्य सेन्सर असतात. एक कॅमेरा, आतल्या आरशामागे काचेला लागून. दुसरं रडार, बंपरमध्ये किंवा जाळीच्या मागे. कॅमेरा आपल्या डोळ्यांना दिसतो त्याच प्रकाशावर चालतो, त्यामुळे जे आपल्याला दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. रडारचं तसं नाही. ते 77 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि त्याच्या लहरीची लांबी जवळजवळ 4 मिलिमीटर असते. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट. एवढा बारीक थेंब रडारला फारसा अडवत नाही.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग रडार आहे ना, ते सांभाळून घेईल! इथेच घोटाळा आहे. पुढे चालणारा ट्रक रडारला चांगला कळतो, कारण त्याचा वेग रस्त्यालगतच्या स्थिर वस्तूंपेक्षा वेगळा असतो. उभी वस्तू मात्र त्याला अवघड जाते. पुलाचा कठडा, दिशादर्शक फलक, डिव्हायडर, मॅनहोलचं झाकण, सगळ्यांकडून लहर परत येते आणि सगळं स्थिर असतं. या प्रत्येकाला अडथळा समजून ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंकडे यंत्रणा बरंचसं दुर्लक्ष करते आणि ही खरोखर गाडी आहे का हे कॅमेऱ्याकडून पडताळून घेते. धुक्यात कॅमेराच आंधळा झालेला असतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडा, अडॅप्टिव्ह क्रूझच्या पानावर थांबलेल्या वाहनाबद्दल सावधगिरीची सूचना सापडेल. ती नीट वाचा.

आणि आपल्या रस्त्यावर उभं काय असतं? पंक्चर झालेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॅक्टर-ट्रॉली. भुशाने भरून दोन्ही बाजूंनी फुगलेली, त्यावर ताडपत्री किंवा तागाचं कापड ताणलेलं. कॅमेरा वाहन ओळखतो ते त्याच्या आकारावरून आणि दिव्यांवरून. या ट्रॉलीला धड आकार नाही आणि दिवे तर नाहीतच. मला याचा मनापासून राग येतो. लाल रिफ्लेक्टरची एक पट्टी चिकटवायला किती खर्च येतो? पण ती ट्रॉली उद्या सकाळीही तिथेच उभी असणार आहे, तेव्हा आपला वेग आपणच ठरवायला हवा. ओल्या रस्त्यावर ताशी 80 च्या वेगात गाडी दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण 75 मीटर जातात. 60 ला 50 मीटरच्या जवळपास, 40 ला 27 मीटर. पन्नास मीटरच दिसत असेल तर 80 ने जाणाऱ्याला ब्रेक दाबायची वेळ मिळेल, थांबायला जागा मिळणार नाही. आग्र्याच्या पुढे दिल्लीकडे जाणार असाल तर यमुना एक्स्प्रेसवेवर गेली काही वर्षं 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी कारसाठी वेगमर्यादा 100 वरून 75 वर आणतात. ती धुक्यासाठीच आहे.

म्हणून इशारा आला की वैतागू नका. गाडी स्वतःहून सांगतेय की मला दिसत नाही. मला जास्त काळजी वाटते ती इशारा न येता क्रूझ चालू राहतं तेव्हाची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिव्यांची आहे. नवीन गाडीत दिव्यांचा खटका ‘ऑटो’वर ठेवायची सवय लागते. काचेवरचा प्रकाशाचा सेन्सर अंधार मोजतो, धुकं मोजत नाही. सकाळी आठ वाजताच्या पांढऱ्या धुक्यात उजेड भरपूर असतो, म्हणून हेडलाइट लागत नाहीत. पुढच्या डीआरएल पट्ट्या (दिवसाही आपोआप लागणारे दिवे) चमकत असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं दिवे सुरू आहेत. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी मागचे दिवे पूर्ण बंद असतात! मागून येणाऱ्या बसला तुम्ही दिसतच नाही. धुकं दिसलं की खटका हाताने लो बीमवर आणा, पुढचे-मागचे फॉग लॅम्प लावा आणि एकदा तरी उतरून मागे जाऊन बघा की काय काय लागलंय. धुकं ओसरलं की मागचा फॉग लॅम्प आठवणीने बंद करा, तो मागच्याच्या डोळ्यांत खुपतो. हाय बीम नको, समोर पांढरी चादर धरल्यासारखं होतं. ऑटो हाय बीमही बंद ठेवा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाण्याची पद्धत इकडे फार आहे, तीही नको. तुम्ही लेन बदलताय की थांबलाय हे कोणाला कळत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत हॅझर्ड चालू असताना वळणाचा इंडिकेटर चालतच नाही. थांबायचंच असेल तर रस्त्याच्या कडेला नको, ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आत घ्या.

कॅमेऱ्याच्या इशाऱ्याचं निम्मं कारण काचेवर असतं, धुक्यात नसतं. थंडी म्हणून लोक ब्लोअर गरमवर ठेवतात आणि बाहेरची हवा बंद करतात. चार माणसांच्या श्वासाचं बाष्प आतल्या आत फिरतं आणि काचेच्या आतल्या बाजूला धरतं. आपल्यासमोरची काच आपण फडक्याने पुसतो, पण कॅमेऱ्यासमोरचा तुकडा प्लास्टिकच्या कव्हरमागे असतो, तिथे हात पोहोचत नाही. उपाय सोपा आहे: बाहेरची हवा चालू, समोरच्या काचेचा डिफॉगर चालू, एसी चालू आणि तापमान गरमवर. एसी हवा कोरडी करतो, म्हणून तो हिवाळ्यातही लागतो. पाच-सात मिनिटांत कॅमेऱ्यासमोरची काच साफ होते आणि पुष्कळदा इशाराही जातो. काचेवर गरम पाणी मात्र कधी ओतू नका, तडा जातो.

रडारसमोरची गोष्ट बाहेरची. आमच्याकडे धूळ भरपूर, तिच्यावर दव पडतं, पुढच्या ट्रकच्या चाकांचा चिखल उडतो आणि बंपरच्या खालच्या भागात त्याचा थर वाळतो. बोटाने घासलात तर नखात येईल एवढा जाड. पाणी आणि ओला चिखल रडारच्या लहरी धुक्यापेक्षा कितीतरी जास्त शोषतात. निघण्यापूर्वी ओल्या मऊ फडक्याने रडारसमोरची जागा पुसा. ती नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमधल्या चित्रात असतं. परवाच एका गृहस्थांनी गाडी आणली, रडारचा इशारा उन्हातही जात नव्हता. पुढे चकचकीत स्टीलचा क्रॅश गार्ड बसवलेला, त्याची नळी बरोबर रडारसमोरून गेलेली. गार्ड काढला, इशारा गेला. असे गार्ड तसेही नियमात बसत नाहीत, डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरपर्यंत धक्का कसा पोहोचतो, तेही त्याने बदलू शकतं.

टायरचा दिवा हा निव्वळ थंडीचा परिणाम. दुपारी 25 अंशांत 33 पीएसआय भरलेली हवा पहाटे 5 अंशांत 30 च्या आसपास येते, कुठेही गळती नसताना. टायर आधीच 28 वर आलेला असेल तर पहाटे तो 25 होतो आणि दिवा लागतो. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर टायर तापतो, दिवा विझतो, आणि आपण विसरून जातो. तसं करू नका. सकाळी टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. दिवा एकाच चाकासाठी पुन्हा पुन्हा लागत असेल तर मात्र पंक्चर किंवा वॉल्व बघून घ्या.

पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्यांवर दवाचा थेंब किंवा चिखल बसला की ते उगाच वाजतात, किंवा वाजायचे तिथे गप्प बसतात. पुसलं की झालं. मागचा कॅमेराही तसाच. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर थंडीत सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जातं आणि एकदम चार-पाच इशारे लागतात. तुमची गाडी नवी आहे, सध्या हा विषय नाही.

एवढं करूनही कोरड्या हवेत, स्वच्छ काच आणि स्वच्छ बंपर असताना इशारा राहिला, किंवा सरळ रस्त्यावर लेन असिस्ट एका बाजूला ओढू लागलं, तर सर्व्हिस सेंटर गाठा. तिथे गेल्यावर, पुढची काच बदलली होती का, बंपरला ठोकर बसली होती का, त्यावर पुन्हा रंग मारलाय का, हे सांगायला विसरू नका. काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, करावंच लागतं, आणि बंपर जरा सरकला तरी रडारचा कोन बदलतो. एका अंशाच्या फरकाने शंभर मीटरवर जवळजवळ पावणेदोन मीटर चुकतं, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये धरली जाऊ शकते. कॅलिब्रेशन झाल्याची नोंद जॉबकार्डवर लिहून घ्या, नुसतं ‘झालं, साहेब’ ऐकून गाडी उचलू नका.